एकशे अठरा गिऱ्हाईकं

साखरेच्या किलोमागे साडेचार रुपये आणि तेलाच्या पिशवीमागे अकरा. रघुवीर राऊळला सुटणार होते ते एवढेच. ऐकायला किरकोळ वाटतात. पण एका मोबाईल नंबरावर आठवड्याला दोन किलो साखर नि दोन पिशव्या तेल, असे नंबर एकशे अठरा, आणि महिना चार आठवड्यांचा धरला, तर आकडा होतो चौदा हजार सहाशे बत्तीस. त्यातून हातगाडीवाल्याचे बाराशे आणि बायकांच्या बिस्किटपुड्यांचे आठशे वजा करा. उरले बारा हजार सहाशे बत्तीस. करी रोडच्या गल्लीतलं दहा बाय बाराचं किराणा दुकान बंद करावं की ठेवावं, या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं होतं.

प्रश्न आला होता तो ‘भरघोस’मुळे. लोअर परळला, ज्या कापडगिरणीत रघुवीरचा बाप भिवा सव्वीस वर्षं साचे चालवत होता, त्याच आवारातल्या मॉलमध्ये या कंपनीने सुपरमार्केट उघडलं. साखर एकोणचाळीस रुपये. रघुवीरला ती होलसेलवाल्याकडूनच साडेत्रेचाळीसला पडायची. म्हणजे तो ज्या भावात घेत होता त्याहून कमी भावात लोक विकत घेऊन पिशव्या हलवत त्याच्या दुकानासमोरून जात होते, आणि वर ‘काय रघुवीर, बरं ना?’ असंही विचारत होते.

दुकान भिवाने गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतून पागडीने घेतलेलं. मरताना तो एवढंच म्हणाला होता, “रगू, फळी उघडी ठेव.” म्हणजे दुकान चालू ठेव. रघुवीरने ते शब्द मनावर घेतले होते. आता बारा हजारांच्या निमित्ताने त्यांना अर्थही आला.

युक्ती सुचवली मीराबाईने, तीही नकळत. मीराबाई म्हणजे, दुकान ज्या चाळीला लागून होतं त्या मालपेकर चाळीतली तळमजल्यावरची शेवटची खोली, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. एकटीच असायची. रोज दुपारी दहाची नोट घेऊन दुकानावर यायची, पाचाची चहापावडर, पाचाची साखर कागदात बांधून न्यायची. एक दिवस शेजारणीबरोबर, तिच्या नवऱ्याच्या टॅक्सीने ‘भरघोस’ बघून आली आणि बिल फडकवत उभी राहिली.

“बघ रे रगू, एकोणचाळीस! तू माका लुटतंस.”

“काकी, तू पाच रुपयांची साखर नेतेस. पाच रुपयांत तुला किती लुटणार?”

“मेल्या, पंचवीस वर्सां लुटतंस. हिशोब कर.”

रघुवीरने हिशोब केला, पण वेगळा. बिलावर खाली लिहिलं होतं: एका ग्राहकास आठवड्याला प्रत्येक वस्तूचे दोन नग. आणि ग्राहक म्हणजे काय, तर नुसता मोबाईल नंबर. काउंटरवर सांगायचा, झालं. त्या रात्री रघुवीरने चाळीतल्या बासष्ट खोल्यांची यादी काढली. एकवीस खोल्यांना कुलपं होती. माणसं नालासोपारा, बदलापूरला गेलेली. पण कुलपाच्या मालकांचे नंबर त्याच्याकडे होते, कारण चाळीतल्या अर्ध्या घरांच्या चाव्या त्याच्याच गल्ल्याखालच्या खिळ्यावर टांगलेल्या असत. सगळ्यांना फोन गेले. ‘तुमच्या नावावर दोन किलो साखर आणतो, चालेल ना?’ मालवणी माणसाला आपलं काही जात नसेल तर काहीही चालतं. नावनोंदणीचे फॉर्म रघुवीरने स्वतः, वळणदार अक्षरात भरले. प्रत्येकाचा पत्ता एकच: मालपेकर चाळ, करी रोड.

एकशे अठरावा फॉर्म बापाचा होता. भिवाला जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याचा मोबाईल गल्ल्याच्या खणात होता. सिम चालू राहावं म्हणून रघुवीर त्यात पैसे टाकायचा. का, ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ‘भरघोस’मध्ये बुधवारी ज्येष्ठ नागरिकांना साखर-तेल सोडून बाकी मालाला दोन नगांची अट नव्हती, शिवाय वर दोन टक्के सूट. मग काय, डाळी, साबण, चहापावडर, जे कमी पडेल ते बुधवारी भिवाच्या नावावर.

सुचित्रा, रघुवीरची बायको, हे बघून म्हणाली, “अहो, बाबांना मेल्यावर कामाला लावलंत.”

“बसून तरी काय करणार होते,” रघुवीर म्हणाला.

दुपारी एकनंतर, भांडी घासून झाली की, चाळीतल्या वीस बायका दोन-तीनच्या टोळीने लोअर परळला निघत. प्रत्येकीकडे पाच-सहा नंबर, मोबदला बिस्किटांचा पुडा. चिठ्ठ्या काउंटरवरच्या मुलींच्या लक्षात येतील म्हणून रघुवीरने नंबर पाठ करून घेतले. जिन्यात संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणावेत तसे नंबर म्हटले जाऊ लागले. मीराबाई तर शेजारणीच्या नवऱ्याच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून जायची. तिला सहाच्या सहा पाठ. तिथल्या गारव्यात एका बाकावर अर्धा तास बसायची आणि आल्यावर सांगायची, “तां थंडगार बरां वाटता रे. सोर्गात पण असांच आसात.”

माल हातगाडीवरून यायचा. मागच्या दाराने आत, पाकिटं फोडली की पोत्यात. आणि पोत्यातून होलसेलच्या भावात करी रोड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांना, दोन वडेवाल्यांना, एका खानावळीला. उरलेलं चाळीला, सुटं. दुकानावर रघुवीरने पाटी लावली: ‘सुपरमार्केटच्या तोडीचा माल.’ यात खोटं काही नव्हतं. थोडं जास्तच खरं होतं.

दहा महिने फळी उघडी राहिली.

अकराव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण दुकानासमोर उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि मागे एक शिपाई, त्याच्या हातात शाल, श्रीफळ नि पेढ्यांचा पुडा. भाषा अगदी सदाशिव पेठेतली.

“नमस्कार. मी विनीत. ‘भरघोस’चा विभागीय व्यवस्थापक. भिवा राऊळ इथेच राहतात का?”

रघुवीर जिरं तोलत होता. तराजूचं पारडं खाली गेलं ते खालीच राहिलं. विनीत ज्या जागी उभा होता, त्याच्या डोक्यावर बरोबर दोन फुटांवर भिवाचा फोटो होता. सोनेरी चौकट, चंदनाचा हार, सकाळचीच उदबत्ती.

“का हो?” रघुवीरने कसंबसं विचारलं.

“संपूर्ण मध्य मुंबईतले ते आमचे एक नंबरचे ग्राहक आहेत,” विनीत म्हणाला. “एक बुधवार चुकवलेला नाही त्यांनी. सत्कार करायचाय. आणि एक विनंती आहे.”

“बाबा गावी गेलेत,” सुचित्रा आतून म्हणाली. आवाज इतका सरळ होता की रघुवीरला तिचीच भीती वाटली.

“कधी येतील?”

“सांगता येत नाही,” रघुवीर म्हणाला. त्याने मान वर केली नाही. विनीतही वर बघेल या भीतीने.

विनीतने शाल रघुवीरच्याच खांद्यावर घातली आणि टॅब पुढे धरला. पडद्यावर परळ, लालबाग, करी रोडचा नकाशा होता. कुठे पिवळे ठिपके, कुठे केशरी. आणि मध्ये, जिथे ही गल्ली होती तिथे, कुंकवाचा करंडा सांडावा तसा लाल डाग.

“हे काय?”

“ही तुमची चाळ,” विनीत म्हणाला. डोळ्यांत कौतुक होतं. “एका चाळीत एकशे अठरा ग्राहक. सगळे नियमित. दरडोई महिन्याला आठ किलो साखर! आमच्या ऑफिसात पैजा लागल्या होत्या. मी म्हटलं, घरोघरी लाडूंचे गृहउद्योग असणार. बरोबर ना?”

“असतात काही,” रघुवीर म्हणाला.

“आणि एवढे लोक एवढ्या लांब येऊन फक्त दोन-तीन गोष्टी नेतात. म्हणजे जवळ असतो तर सगळंच घेतील, नाही का? एका चाळीची ही भूक, तर गल्लीतल्या नऊ चाळींची किती?” त्याने रस्त्यापलीकडच्या टॉवरकडे बोट दाखवलं. टॉवरच्या तळमजल्याला सहा महिने शटर बंद होतं. “म्हणून तिथे छोटी शाखा काढतोय. शुक्रवारी करार. गणपतीच्या आधी उद्घाटन. फीत भिवा राऊळांच्या हस्ते कापायची, ही विनंती.”

विनीत गेला. शाल खांद्यावरून कधी घसरली ते रघुवीरला कळलं नाही. दुकानापासून त्या शटरपर्यंत एकेचाळीस पावलं होती. त्याने दुपारी मोजली. पुन्हा मोजली. दुसऱ्या खेपेला चाळीसच भरली.

दहा महिने त्याने आपल्याच हाताने सुपरमार्केटला गल्लीचा रस्ता दाखवला होता. पत्ता वळणदार अक्षरात, एकशे अठरा वेळा.

“सांगून टाका,” सुचित्रा रात्री म्हणाली. “उद्या जा लोअर परळला. म्हणा, ती सगळी गिऱ्हाईकं मीच. अजून करार झालेला नाही.”

“सांगितलं की नंबर बंद करतील. बारा हजार गेले.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“आणि चाळीचं नाव जाईल. बायकांना चोर म्हणतील. मेलेला माणूस बाजार करतो म्हणून पेपरात देतील.”

“अहो, दुकान जाईल.”

रघुवीरने यावर एक तास विचार केला, आणि धंद्यात मुरलेला माणूस करतो तेच केलं. खरं सांगायचं सोडून हिशोब बदलायला गेला. बुधवारी सकाळी त्याने जिन्यात उभं राहून फर्मान काढलं: आजपासून कुणी ‘भरघोस’मध्ये जायचं नाही. खरेदी शून्य. लाल डाग पुसला की शटर आपोआप बंद राहील.

“माका त्या बाकावर बसाक तरी जाऊंदे,” मीराबाई म्हणाली.

“काकी, दोन महिने दम धर.”

शुक्रवारी करार झाला. दोन आठवडे गेले. रघुवीर साडेत्रेचाळीसची साखर पंचेचाळीसला विकत टपरीवाल्यांच्या शिव्या खात राहिला. तिसऱ्या आठवड्यात विनीत परत आला. चेहरा उतरलेला, पण पावलं घाईत.

“राऊळ, एक गुप्त गोष्ट विचारतो. या गल्लीत दुसरी कुठली कंपनी शिरलीय का?”

“नाही बुवा.”

“मग आमचे एकशे अठरा ग्राहक एका दिवसात कुठे गेले? सगळे एकदम?” त्याने आवाज खाली आणला. “वरचे साहेब घाबरलेत. म्हणाले, कुणीतरी आपली चाळ पळवली. आता उद्घाटन तीन आठवडे आधी. आणि जुन्या सगळ्या नंबरांचे साठलेले पॉइंट पहिल्या आठवड्यात दसपट. शंभर खर्चाला एक पॉइंट, म्हणजे एक रुपया मिळतो ना? आता दहा. काहीही करून ती माणसं परत आणायचीत.”

 खरेदी थांबवून रघुवीरने शाखा थांबवली नव्हती, तिला धक्का मारून पुढे लोटली होती. आणि पॉइंट! ते त्याने कधी मोजलेच नव्हते. दहा महिन्यांची साखर, तेल, एकेका नंबरावर चौदा-साडेचौदा हजारांची खरेदी, सगळी त्याच्या पैशाने. पण पॉइंट ज्याच्या नंबरावर, त्याचे.

त्या क्षणी तो बोलला असता तर अजून काही झालं असतं का, कोण जाणे. तोंड उघडलं होतं त्याने. पण समोरून मीराबाई काठी टेकत येत होती, दहाची नोट मुठीत, आणि विनीत तिला वाकून नमस्कार करत म्हणाला, “आजी, तुम्हीही आमच्याच ना? तुमचेही चौदाशे-साडेचौदाशे रुपयांचे पॉइंट असतील!”

“माजे?” मीराबाई थबकली. तिने रघुवीरकडे पाहिलं. मग विनीतकडे. मग पुन्हा रघुवीरकडे.

“तुझेच, काकी,” रघुवीर म्हणाला.

उद्घाटनाला गल्ली लोटली. फीत मीराबाईने कापली, कारण ‘भिवा राऊळ गावाहून आले नाहीत.’ आठवडाभर चाळीत मिक्सर, कुकर, गाद्यांच्या चादरी येत राहिल्या. नालासोपाऱ्याहून लोक आले, आपापला नंबर सांगायला. मीराबाईने कुकर घेतला. घरी कुकर होताच. तो बाजूला ठेवून नवा मांडणीवर दिसेल असा ठेवला.

आणि मग ज्या बायकांना रघुवीरने ट्रॉली ढकलायला, पडद्यावरचा भाव वाचायला, बिल तपासायला आणि सवलतीच्या वाराला जायला शिकवलं होतं, त्या सगळं शिकलेलं वापरू लागल्या. आपल्या नंबरावर, आपल्या घरासाठी. रस्ता ओलांडला की झालं. गणपतीला गावी न्यायचं सामान, नारळापासून अगरबत्तीपर्यंत, तिथूनच. विनीतचा पहिला महिना असा गेला की त्याला बढतीचं पत्र आलं.

“येईल हो परत गिऱ्हाईक,” रघुवीर सुचित्राला म्हणायचा. “गणपती झाले की उतरेल.”

उतरलं. पण इकडे नाही आलं. टपरीवाले तर आधीच दुसऱ्या होलसेलवाल्याकडे गेले होते. दुकानावर उरली ती दहा-वीस रुपयांची माणसं. मीराबाई, वरच्या मजल्यावरचा एक वॉचमन, दोन घरकामवाल्या. सुपरमार्केटात पाच रुपयांची साखर मिळत नाही.

मार्गशीर्षात रघुवीरने गाळा भाड्याने दिला. नखं रंगवायचं दुकान आलं. पाच वर्षांचा करार, महिना बावीस हजार. भिवाचा फोटो घरी नेला. खिळ्यावरच्या चाव्या घरोघर परत केल्या. कुलपं लावलेल्या खोल्यांच्या सात चाव्या घेईना कुणी, त्या त्याच्याकडेच राहिल्या. शेवटच्या दिवशी मीराबाई नोट घेऊन आली तेव्हा दुकानाची फळी लावलेली होती. तिने नोट पुन्हा कमरेला खोचली.  आणि काठी टेकत परत गेली.

आता गंमत ऐका. ‘भरघोस’चा गल्लीतला आडाखा होता महिन्याला बावीस लाखांचा. गणपतीनंतर धंदा सहा लाखांवर आला, आणि तिथेच बसला. चाळीची खरी भूक तेवढीच होती. दरडोई आठ किलो साखर कोण खाणार? एक किलोही जाईना. आठव्या महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, टॉवरचं शटर खाली आलं. ट्रकमध्ये शेल्फं चढत होती तेव्हा रघुवीर समोरच्या जिन्याच्या पायरीवर बसला होता. हल्ली तो तिथेच बसायचा. विनीत येऊन शेजारी टेकला. शर्टाची इस्त्री गेलेली.

“माझी नाशिकला बदली झाली,” तो म्हणाला. “राऊळ, तुम्ही इथले. एवढं सांगा. कुठे गेली हो ती माणसं? माझ्याकडे आकडे होते. दहा महिन्यांचे. एकशे अठरा माणसं साखर, तेल नेत होती. मी स्वतः पाहिलीत बिलं.”

रघुवीरने ट्रककडे पाहिलं.

“मी होतो तो,” तो म्हणाला.

“कोण?”

“ती एकशे अठरा माणसं. मीच होतो. दुकानात विकायला आणायचो.”

विनीत हसायला लागला, आणि अर्ध्यात थांबला. रघुवीरचा चेहरा तसाच होता.

“आणि भिवा राऊळ?”

“माझे वडील. सात वर्षं झाली त्यांना जाऊन. तुम्ही शाल घेऊन आलात तेव्हा त्यांच्याच फोटोखाली उभे होतात.”

 विनीतने टॅब पालथा करून मांडीवर ठेवला.

“तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुम्ही नंबर बंद केले असते.”

“नंबरच बंद केले असते!” विनीत ओरडला. ट्रकवरचे हमाल वळून बघू लागले. “फक्त नंबर! शाखा कशाला काढली असती? तुमचं दुकान आज उघडं असतं, राऊळ!”

रघुवीरला हे माहीत नव्हतं असं नाही. पण स्वतःचा हिशोब दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला की तो वेगळाच ऐकू येतो. 

रात्री घरी कपाटाच्या खणातला भिवाचा फोन वाजला. निरोप होता: ‘प्रिय भिवा राऊळ, आम्हाला तुमची उणीव भासते. लोअर परळ शाखेत पुन्हा या.’ सुचित्राने वाचला आणि फोन बंद केला. रघुवीरने तो पुन्हा चालू करून खणात ठेवला.

तर आता बेरीज. ‘भरघोस’ने शाखेचा तोटा आपल्या मोठ्या वहीत कुठेतरी जिरवला, त्यांना अशा गल्ल्या रोजच्या. विनीतचा पगार नाशिकलाही तोच. रघुवीरला भाड्याचे बावीस हजार येतात, बसल्या जागी, दुकानातून कधी सुटले नव्हते एवढे. फळी तेवढी उघडी नाही. बायकांकडे मिक्सर आहेत, आणि सामान मोबाईलवर मागवलं की दहा मिनिटांत येतं, दोनशेच्या पुढे असेल तर. मीराबाईला दहाचंच हवं असतं. जवळचं दुकान आता लालबागला. बसचे जायला दहा, यायला दहा, आणि गुडघे वेगळे. दहाच्या चहाला वीस घालणं तिच्या हिशोबात बसेना. नव्या कुकरवर अजून वेष्टनाचा कागद आहे. दुपारचा चहा तिने सोडला.